चंदाचुलीला नाव आहे, धुऱ्यावरच्या कोळ्याला नाही

लोणार तालुक्यातल्या सुलतानपूरला, किंवा बुलढाणा जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात, एखाद्या जाणत्या शेतकऱ्याला सापांची नावं विचारावीत. नाग, मण्यार, परड, फुरसं, धामण, दिवड, गवत्या, कवड्या. कोणाचं विष जहाल, कोण नुसताच फुत्कारतो, कोण उंदरामागे घरात शिरतो, हेही सोबत सांगितलं जातं. मग त्याच माणसाला कोळ्यांची नावं विचारावीत. उत्तर एका शब्दात संपतं. आढ्याला जाळं विणतो तो कोळी, भिंतीवरून सरकतो तो चपटा कोळी, कपाशीच्या पानावर दबा धरून बसतो तोही कोळी. आणि मृगाच्या पावसात कधी उंबऱ्याशी येऊन थबकलेला, तळहाताएवढा केसाळ जीव? तोही कोळीच, फार तर ‘मोठा कोळी’. त्याच्यासाठी चपलेऐवजी काठी शोधली जाते, एवढाच फरक.

मुळात शब्दच फसवा. कोळी म्हणजे जाळं टाकणारा. हा केसाळ गडी शिकारीसाठी जाळं लावतच नाही. जमिनीतल्या बिळाच्या तोंडाशी बसून राहतो आणि समोरून जाणारा किडा झडप घालून आत ओढतो. पण टॅरॅन्टुला हे त्याचं जगभर चालणारं नाव तरी कुठं नेमकं आहे? ते इटलीतल्या टारान्टो शहरावरून आलं आणि तिथं ते एका वेगळ्याच, लांडगा कोळ्यांच्या कुळातल्या जातीचं नाव होतं. त्याच्या चाव्यावर बेभान नाचणं हाच उतारा, अशी तिथल्या लोकांची समजूत. पुढं युरोपीय माणसं अमेरिकेत पोचली आणि तिथल्या केसाळ कोळ्यांना त्यांनी घरून आणलेलं हेच नाव चिकटवलं. आफ्रिकेत स्थायिक झालेल्यांना या कोळ्यांचे पाय बबून माकडाच्या बोटांसारखे वाटले, म्हणून तिथं ते ‘बबून कोळी’ झाले. ज्याला जे दिसलं ते त्यानं म्हटलं.

अंगोलात मात्र गावकऱ्यांचं स्वतःचं नाव तयार होतं. या देशात 1975 पासून 2002 पर्यंत यादवी युद्ध चाललं. मध्य आणि आग्नेय अंगोलाच्या जंगलांत पेरलेल्या सुरुंगांमुळे शास्त्रज्ञ तिकडं फिरकत नव्हते. ओकावांगो नदीला पाणी पुरवणाऱ्या उगमांची पाहणी करण्यासाठी 2015 आणि 2016 मध्ये एक मोहीम तिथं गेली. तिच्यात दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलू-नाताल संग्रहालयातले कीटकतज्ज्ञ जॉन मिजली होते. तिथं त्यांच्या हाती एक कोळी लागला. पाठीच्या ढालीवर, बरोबर मधोमध, त्याला शिंग होतं.

शिंगवाले कोळी आफ्रिकेला नवे नाहीत. दक्षिण आफ्रिका, झिम्बाब्वे, बोट्स्वाना या पट्ट्यात त्यांच्या अनेक जाती सापडतात. कोणाचं शिंग उभं, कोणाचं मागं झुकलेलं, कोणाचं नुसतंच टेंगूळ. पण ती सगळी टणक असतात, ढालीच्याच कठीण कवचाची. अंगोलातल्या या कोळ्याचं शिंग मऊ निघालं, आणि लांबही इतकं की ते पोटाच्या वर मागं पसरलेलं दिसतं. मिजली आणि इयान एंगेलब्रेख्त यांनी 2019 मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन छापलं आणि नाव ठेवलं ‘सेराटोगायरस अॅटोनिटिफर’. लॅटिनमधून आलेल्या या दुसऱ्या शब्दाचा अर्थ साधारण ‘अचंबा वाहून नेणारा’. त्या मऊ शिंगाचं काम काय, यावर अजून एकमत नाही. शरीरशास्त्राची पुस्तकं चाळणाऱ्यांसाठी तो मजेचा भाग आहे. पण मिजली-एंगेलब्रेख्त यांच्या निबंधात आपल्यासाठी खरी मजेची ओळ दुसरीच आहे.

ती ओळ अशी, की तिथले लोक या कोळ्याला ‘चंदाचुली’ म्हणतात. नुसतं म्हणतच नाहीत, त्याच्याबद्दल त्यांना माहितीही आहे. तो मुख्यतः किडे खातो, मादी नवं बीळ खणत बसत नाही, आयतं सापडलेलं बीळ मोठं करून घेते, हे शास्त्रज्ञांना गावकऱ्यांकडूनच कळलं. विष फारसं धोक्याचं नाही, पण चाव्याची जखम चिघळून कधी माणूस दगावल्याचंही लोकांनी सांगितलं. दवाखाना जवळ नसला की साधी जखमही जिवावर बेतते, असा त्याचा अर्थ शास्त्रज्ञांनी लावला. युद्धानं होरपळलेल्या, रस्ता नसलेल्या मुलखात एका कोळ्याला नाव आहे, सवयींची नोंद आहे, धोक्याचा अंदाजही आहे. आपल्याकडं रस्ता आहे, शाळा आहे, हातात मोबाइल आहे. नाव मात्र नाही.

‘आफ्रिकेतला कोळी, आपला काय संबंध?’ असं कुणी म्हणेल. संबंध आहे, आणि तो जुना आहे.

पहिला धागा लंडनमधल्या एका टेबलाचा. शिंगवाल्या आफ्रिकी कोळ्यांची सेराटोगायरस ही प्रजाती 1897 मध्ये ज्यानं मांडली, त्या रेजिनाल्ड इन्स पोकॉक यानंच 1899 मध्ये भारतातल्या झाडावर राहणाऱ्या नक्षीदार कोळ्यांची वर्णनं लिहिली आणि 1900 मध्ये ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालेतला कोळी-विंचवांचा खंड पुरा केला. हेटरोफ्रिक्टस ही भारतीय प्रजातीही त्याच साली त्यानंच मांडली. साम्राज्याच्या कानाकोपऱ्यातून स्पिरिटच्या बाटल्या ब्रिटिश म्युझियममध्ये यायच्या आणि हा माणूस त्यांना नावं देत बसायचा. पुढं तो लंडनच्या प्राणिसंग्रहालयाचा अधीक्षक झाला, सस्तन प्राण्यांवर लिहू लागला, आणि भारतातले जमिनीतले कोळी बराच काळ कपाटात पडून राहिले.

दुसरा धागा मुंबईत सापडतो. झीशान मिर्झा, राजेश सानप आणि हर्षल भोसले यांनी 2014 च्या फेब्रुवारीत एक निबंध प्रसिद्ध केला. पोकॉकनं मांडलेली हेटरोफ्रिक्टस मधल्या काळात दुसऱ्याच प्रजातीत विलीन झाली होती. या तिघांनी तिला पुन्हा स्वतंत्र उभं केलं, सह्याद्रीवरून नाव घेतलेली एक नवी प्रजाती मांडली आणि पश्चिम घाटाच्या परिसरातून पाच नव्या जातींची वर्णनं दिली. एकीच्या नावात आंबोली आहे. दुसरीचं नाव ‘हेटरोफ्रिक्टस आरेएन्सिस’, कारण ती गोरेगावच्या आरे दूध वसाहतीत सापडली. मुंबईकर जिथं सकाळी फिरायला जातात तिथं, पायाखाली. या सगळ्या कोळ्यांना त्यांनी ज्या उपकुळात ठेवलं, त्याचा मोठा गोतावळा आफ्रिकेत आहे. टांझानिया आणि केनियातला बिळात राहणारा, डिवचलं की पाय घासून फुसफुस आवाज काढणारा ‘किंग बबून’ कोळी त्यातलाच. येमेनच्या सोकोत्रा बेटावरचा निळ्या पायांचाही त्यातलाच. मादागास्करमध्ये त्यांचे भाऊबंद आहेत. नकाशावर हे ठिपके जोडले तर आफ्रिकेपासून सह्याद्रीपर्यंत रेघ निघते आणि मध्ये समुद्र येतो.

कोळी समुद्र पोहून आले नाहीत, जमीनच सरकली. भारत, मादागास्कर, आफ्रिका, दक्षिण अमेरिका हे गोंडवन नावाच्या एका महाखंडाचे तुकडे. साधारण 9 कोटी वर्षांपूर्वी भारताचा तुकडा मादागास्करपासून सुटला आणि उत्तरेकडं निघाला. 2021 मध्ये सीर्शा फोली आणि सहकाऱ्यांनी जनुकांच्या तुलनेतून टॅरॅन्टुलांची वंशावळ मांडली. त्यांच्या मते हे कुळ क्रिटेशस काळात, सुमारे 12 कोटी वर्षांपूर्वी, आजच्या अमेरिकेच्या भागात उपजलं, भारताच्या तराफ्यावर बसून आलं आणि भारत आशियाला धडकल्यावर इथून पुढं पूर्वेला पसरलं. तेही एकदा नाही, दोनदा, दोन खेपांत जवळपास 2 कोटी वर्षांचं अंतर ठेवून. एका खेपेत मुख्यतः बिळात राहणारे गेले, दुसरीत झाडावर राहणारे.

आता सुलतानपूरच्या विहिरीत डोकावावं. मुरमाखाली जो काळा दगड लागतो तो 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. त्यावरच दहा-बारा किलोमीटरवर उल्का आदळून लोणारचं विवर झालं, पावणेदोन-दोन किलोमीटर रुंदीचं. 2020 च्या जूनमध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं तेव्हा देशभरचे कॅमेरे सुलतानपूरवरून लोणारला गेले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये सरोवराला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. योग्यच झालं. पण दगडावर आणि पाण्यावर एवढं कौतुक सांडत असताना एक साधी गोष्ट सुटते. लाव्ह्याखाली गेलेल्या भूमीवर काही जगलं नसणार. म्हणजे या दख्खनच्या पठारावर आज जो कोणी बिळात राहतो, त्याचे पूर्वज दगड थंडावल्यावर, माती झाल्यावर, कडेकडेनं परत आलेले. जे शास्त्रज्ञ लोणारच्या दगडात मंगळाची नक्कल शोधतात त्यांना मान आहे. त्याच मातीत राहणाऱ्या, डायनोसॉरच्या काळापासून चालत आलेल्या घराण्याला काठी.

या घराण्याची अंगलक्षणं ओळखायला सोपी आहेत. जाळं विणणाऱ्या नेहमीच्या कोळ्याचे दोन सुळे चिमट्यासारखे आडवे मिटतात. टॅरॅन्टुलाचे सुळे समांतर असतात आणि कुदळीसारखे वरून खाली पडतात. म्हणून तो हल्ल्याच्या वेळी पुढचं अंग उचलतो. कुदळ मारणाराही आधी हात उचलतोच. श्वासासाठी त्याच्या पोटाखाली पानापानांच्या रचनेची फुफ्फुसं चार असतात, बहुतेक इतर कोळ्यांना दोन. मादी दहा-पंधरा वर्षं, कधी त्याहूनही जास्त जगते. नर वयात आला की फार टिकत नाही. पावसाळ्याच्या तोंडाला बीळ सोडून मादीच्या शोधात भटकणारा तोच असतो, आणि अंगणात काठीखाली सापडतो तोही बहुतेक तोच. लग्नाला निघालेल्या नवरदेवाला वेशीवरच गाठावं, तसं.

अमेरिकेतले बरेच टॅरॅन्टुला पोटावरचे खाजरे केस शत्रूवर उडवतात. आफ्रिकेतल्या आणि भारतातल्यांकडं ते अस्त्र नाही. त्यामुळे ते लवकर अंगावर येतात आणि चावायला मागंपुढं पाहत नाहीत. भारतातल्या झाडावरच्या नक्षीदार कोळ्यांच्या चाव्यानं तीव्र वेदना आणि स्नायूंत गोळे येतात. हे लपवायचं कारण नाही. ‘अगदी निरुपद्रवी हो’ असं सांगणारे निसर्गप्रेमी गावात एकदाच खोटे पडतात, मग त्यांचं पुढचं कुणी ऐकत नाही. पण चावा दुखणं वेगळं आणि चाव्यानं मरणं वेगळं. 2012 मध्ये आसामच्या सदियात केसाळ कोळ्यांनी हल्ले केल्याच्या आणि दोघं दगावल्याच्या बातम्या देशभर गाजल्या. नंतर पुढं आलं ते असं, की चावलेली माणसं आधी मांत्रिकाकडं गेली होती आणि तिथं ब्लेडनं जखम कापून रक्त काढण्याचे प्रकार झाले होते. अंगोलातली दवाखाना नसलेली गावं आणि आसाममधली मांत्रिकाची ओटी, दोन्हीकडं कोळ्याच्या खात्यावर जमा झालेलं पाप बऱ्याच अंशी दुसऱ्याचं होतं.

नावानं नेमकं काय होतं, असा प्रश्न येतो. आरेचंच पाहू. 2019 च्या ऑक्टोबरमध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी रातोरात झाडं तोडली गेली आणि मुंबई रस्त्यावर उतरली. आरे म्हणजे नुसता झाडोरा, हा सरकारी सूर खोडून काढताना तिथल्या जिवांच्या ज्या याद्या मांडल्या गेल्या, त्यांत बिबट्याच्या बरोबरीनं हा आरेच्या नावाचा कोळीही होता. नाव नसतं तर यादीत काय लिहिलं असतं, ‘एक मोठा कोळी’? 2021 मध्ये ठाणे-कल्याण परिसरातल्या एका इवल्या उडी मारणाऱ्या कोळ्याला ‘आयसियस तुकारामी’ हे नाव देण्यात आलं, 26/11 च्या रात्री कसाबची बंदूक धरून ठेवणाऱ्या तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ. बोटाच्या पेरावर मावेल असा तो जीव मराठी वर्तमानपत्रांत झळकला.

नावाची दुसरी बाजूही आहे, आणि ती कडू आहे. आंध्रातल्या गुत्तीला रेल्वेच्या लाकूड वखारीत सापडलेल्या एकाच नमुन्यावरून पोकॉकनं 1899 मध्ये एका गर्द निळ्या कोळ्याचं वर्णन केलं. मग शंभर वर्षं तो कुणाला दिसला नाही. 2001 मध्ये पुन्हा सापडला, आणि थोड्याच वर्षांत परदेशातल्या हौशी लोकांच्या काचपेट्यांत जाऊन बसला. आज तो अतिसंकटग्रस्त यादीत आहे. त्याच्या पूर्ण प्रजातीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं आली ती 2019 मध्ये. उलट दिशेनंही हा बाजार चालतो. 2021 च्या जुलैमध्ये चेन्नईला सीमाशुल्क खात्यानं पोलंडहून आलेलं एक पार्सल उघडलं, तर आत कापसात गुंडाळलेल्या छोट्या कुप्यांमध्ये 107 जिवंत कोळी निघाले. म्हणून कोळी सापडला की त्याच्या नेमक्या जागेचा नकाशा समूहांवर टाकण्याची हौस आवरावी. गाव सांगावं, गट नंबर सांगू नये.

खरा घाव मात्र बाजाराचा नाही, काडेपेटीचा आहे. उन्हाळा सरत आला की बुलढाण्यापासून वाशीमपर्यंत धुरे, म्हणजे शेतांचे बांध, पेटतात. वाळलेलं गवत, काटेरी झुडपं, पऱ्हाट्या, सगळं एका काडीत साफ. शेतकऱ्याची बाजूही ऐकायला हवी. मजुरी परवडत नाही, धुऱ्यातलं तण सोयाबीनमध्ये उतरतं, गवतात परड बसते. ही कारणं खोटी नाहीत. पण वखर-नांगराच्या शेतात दरवर्षी उलथली जात नाही अशी एवढीच एक पट्टी उरलेली असते, आणि दहा-पंधरा वर्षं एकाच बिळात काढणाऱ्या मादीला नेमकी तशीच जमीन लागते. आता तर जेसीबी आणून धुरेच कोरले जातात, शेजाऱ्याच्या हद्दीत हात-दीड हात सरकण्यासाठी. त्या भांडणाचे खटले तहसीलमध्ये चालतात. बिळाची बाजू तिथं कोण मांडणार? गावानं निदान पाणंद रस्त्याकडेचा आणि ओढ्याकाठचा धुरा पेटवायचा नाही, एवढं ग्रामसभेत ठरवलं तरी बरंच होईल. त्याला कुठल्याही योजनेची वाट पाहायला नको.

बीळ ओळखणं अवघड नाही. उंदराच्या बिळाबाहेर उकरलेल्या मातीचा ढीग असतो, खेकड्याच्या बिळाबाहेर चिखलाच्या गोळ्या. कोळ्याच्या बिळाचं तोंड गोल, कडेला पांढरट रेशमाचं अस्तर, जणू सदऱ्याला कॉलर. दिवसा काही दिसत नाही. रात्री बॅटरी घेऊन हळू जावं. गवतात हिरवट ठिणग्यांसारखे चमकणारे ठिपके दिसतात ते लांडगा कोळ्यांचे डोळे, त्यांना सोडून पुढं जावं. बिळाच्या तोंडाशी पायांची दोन-चार टोकं टेकलेली दिसतील. कुसळाची काडी कडेला हलकेच फिरवली तर ती टोकं पुढं येतात, काडी पकडतात, हे किडा नाही असं कळलं की सोडून देतात. हात घालायचा नाही, पाणी ओतायचं नाही, खणायचं तर मुळीच नाही. फोटो काढून परत फिरावं. जात ओळखून घ्यायला मुंबई गाठायचीही गरज नाही. अमरावती जिल्ह्यात दर्यापूरच्या महाविद्यालयात कोळ्यांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा आहे.

जगात कोळ्यांच्या नोंदलेल्या जातींची संख्या 2022 मध्ये 50 हजारांवर गेली, त्यांत टॅरॅन्टुलांच्या हजाराहून जास्त. त्यांची लॅटिन नावं शास्त्रज्ञ देतील, ते त्यांचं काम. मराठी नाव देणं हे त्यांचं काम नाही. परड, कवड्या, गवत्या ही नावं कुठल्या समितीनं ठरवली नाहीत. ज्यांच्या पायाखाली साप आला त्यांनी ठेवली. या कोळ्याचं नावही बिळाकडं नीट पाहणाऱ्या कुणीतरी ठेवायला हवं. शाळेतल्या पोरांना सांगितलं तर ती आठवडाभरात दहा नावं आणतील, त्यातली नऊ टाकून द्यावी लागतील, एक राहील.

आणि तोवर एखाद्या पावसाळी रात्री तो उंबऱ्याशी आलाच, तर रुंद तोंडाची बरणी त्याच्यावर पालथी घालावी, खालून जाड पुठ्ठा सरकवावा, आणि न पेटवलेल्या धुऱ्यावर नेऊन, बरणी आडवी करून दोन पावलं मागं सरावं. तो आपल्या वाटेनं जाईल.